फिल्टर बदलला आणि चेक इंजिन लागला, बॅटरी काढून ईसीयू रिसेट करावा का?

वाशिष्ठीकर
नमस्कार मंडळी. गाडी १.२ पेट्रोल हॅचबॅक, २०१५ चं मॉडेल, बीएस-४, रनिंग ऐंशी हजारच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल आणि पहिल्याच पानावर "ही गाडी घ्यायचीच कशाला" सुरू होईल. तर झालं असं, की तो धुऊन परत वापरता येतो तो तेल लावलेला कापडी एअर फिल्टर येतो ना, तो ऑनलाइन मागवला, ओरिजिनल डब्यात जसाच्या तसा बसणारा, गॅरेजवाल्याने पाच मिनिटात बसवून दिला. सुरुवातीला बरं वाटलं, पिकअप वाढल्यासारखा (मनाचा खेळ असेल, पण वाटला खरा). मग परशुराम घाटात सेकंडला हिसके द्यायला लागली, आयडलिंग आपलं वरखाली, काटा सातशेवरून अकराशेला आणि परत खाली, आणि मग पिवळी इंजिनची लाइट. गॅरेजवाला म्हणतो नवीन फिल्टर इंजिनच्या कॉम्प्युटरला (ईसीयूला) कळला नाही, रात्रभर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, सकाळी जोडा, तो सगळं विसरतो आणि नव्याने शिकतो. हे खरं आहे का? आणि काढली तर अजून काय काय विसरेल ती? गणपती तोंडावर आलेत, गुहागरच्या फेऱ्या सुरू होणार, रस्त्यात अडकायला नको.

देवगड_पायरी
आधी जुना कागदी फिल्टर टाका परत. बाकी चर्चा नंतर.

वाशिष्ठीकर
टाकला हो, ते पहिलंच केलं. लाइट तशीच, हिसकेही तसेच. म्हणून तर विचारतोय.

स्पॅनर_अण्णा
रे बाबा, घाय कित्याक? वायर काढूक पाच मिन्टां लागतत, पण आधी कोड वाचून घे, मगे काय ता कर.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी कुडाळला गॅरेज चालवतो, बॅटरी काढायचा उपाय आम्ही सगळ्यांनी केलेला आहे, कोणी नाही म्हणत असेल तर खोटं बोलतो. जुन्या गाड्यांत ईसीयूने शिकलेलं जे काही असायचं ते बॅटरीच्या करंटवर टिकणाऱ्या मेमरीत असायचं, करंट गेला की पुसलं. त्यामुळे लाइट जायची, गिऱ्हाईक खूश, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच माणूस परत दारात. भातात खडा लागला म्हणून ताट बदलण्यातला प्रकार आहे हा. लाइट कशामुळे लागली त्याचा कोड आत लिहिलेला असतो, आणि कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, त्याचा एक फोटोच काढून ठेवलेला असतो म्हणा, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वायर काढलीस की तोही गेला. म्हणजे चोराने ठेवलेला एकमेव पुरावा आपणच धुवायचा.

तरी काढायचीच झाली तर चावी बाहेर, गाडी बंद करून थोडा वेळ थांबायचं, दहा नंबरचा पाना, मायनस पहिली काढायची आणि जोडताना मायनस शेवटी. चावी गाडीत ठेवून दरवाजा लोटू नको, सेंट्रल लॉकने एकदा एका पाहुण्याला हातखंब्याला उन्हात उभं केलं होतं. रात्रभर काढायची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ. काही जण ब्रेक दाबून धरतात, हेडलाइटचा स्विच ऑन करून ठेवतात, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलासुरला करंट निघून जातो. घड्याळ जाईल, रेडिओची स्टेशनं जातील, काही म्युझिक सिस्टीमना कोड लागतो तो आधी शोधून ठेव, ड्रायव्हरच्या काचेचं ऑटो बंद होईल. आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) आयडलिंगचं शिकलेलं विसरली तर पहिले काही किलोमीटर गाडी सिग्नलला बंद पडू शकते, घाबरायचं नाही.

वाशिष्ठीकर
अण्णा, सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. पण मूळ प्रश्न तसाच, फिल्टर बदलला हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं का?

आरेवारे
नाही लागत. मी राहायला पुण्यात, घर रत्नागिरीला, कामधंदा सॉफ्टवेअरचा पण गाडीत हात घालायची खोड आहे म्हणून थोडं लांबण लावतो, सहन करा.

ईसीयूला फिल्टर नावाची वस्तू माहीतच नाही. त्याला फक्त फिल्टरच्या पुढे बसलेला सेन्सर किती हवा आत आली ते सांगतो. काही गाड्यांत एमएएफ असतो, म्हणजे हवेच्या वाटेत एक बारीक तार किंवा फिल्म गरम ठेवलेली, हवा तिला गार करते, आणि ती ठरलेल्या तापमानाला टिकवायला किती करंट लागला त्यावरून हवा मोजायची. काही गाड्यांत तो नसतो, मॅनिफोल्डमधला (म्हणजे इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या नळीतला) दाब मोजणारा एमएपी असतो आणि दाब, तापमान, आरपीएम यावरून हिशोब करतात. हवा कळली की त्या हिशोबाने पेट्रोल सोडायचं, शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग. मग सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की कमी पडला, आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो.

ही वाढघट म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ता या सेकंदाला चाललेली, सारखी हलत असते. तीच एका बाजूला सतत झुकून राहिली की ईसीयू ती हळूहळू लाँग टर्ममध्ये जमा करतो, तेच त्याचं शिक्षण. प्लस म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, मायनस म्हणजे कमी करावं लागतंय. पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर झोपा शांत. दहाच्या पुढे सतत असेल तर शोधा. आणि वीस-पंचवीसच्या घरात गेलं की ईसीयू हात टेकतो आणि लाइट लावतो.

तेव्हा चांगला फिल्टर बसवला, हवा जरा मोकळी आली, तर एमएएफ ती जास्तीची हवा मोजेल आणि पेट्रोल त्या मापाने जाईल, त्यात रिसेट कशाला हवा? उरलासुरला फरक ट्रिम भरून काढतो. लाइट लागली म्हणजे तो भरून काढू शकला नाही, आणि तसं असेल तर शिकलेलं पुसलंत तरी परत तेच शिकणार आणि परत तिथेच येऊन लाइट लावणार.

ईसीयूतले कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या, ईएलएम३२७ म्हणून मिळतो, हजाराच्या आतबाहेर. स्टेअरिंगखाली सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायचा. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं होतं, त्यामुळे तुमच्या गाडीत चालेल. ॲप टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चालतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जुळत नाही.

लांजेकर
एवढं सगळं सोडा, हे ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे आहे. माझ्या भावाच्या गाडीला पण झालं. २०१५ ची गाडी ई-२० साठी बनलेलीच नाही.

आरेवारे
लांजेकर, ई-२० मुळे ट्रिम प्लसमध्ये जाते हे बरोबर. इथेनॉलला हवा कमी लागते, नऊला एक, त्यामुळे ई-१० चं माप १४.१ च्या आसपास असेल तर ई-२० चं साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला चारेक टक्के पेट्रोल जास्त. तेवढं ईसीयू गुपचूप शिकतो, त्याने लाइट लागत नाही. पण आधीच कुठे हवा चोरत असेल, सेन्सर खोटं बोलत असेल आणि ट्रिम पंधरावर असेल, तर वरचे चार टक्के लाइट लावायला पुरतात. रबरी पाइप आणि सील यांचं काय होतं तो वेगळा विषय, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

माहेर_दापोली
मला यात अडचण नाही पण अनुभव आहे, लिहू का? माझी गाडी बीएस-६ टर्बो पेट्रोल, स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू होतं ती). बाहेरून मोठी म्युझिक सिस्टीम आणि डॅशकॅम बसवून घेतला, त्या मुलाने कामासाठी बॅटरी काढली. जोडल्यावर डॅशबोर्डवर ही दिवाळी! स्टेअरिंगची लाइट, ट्रॅक्शनची लाइट, स्टार्ट-स्टॉप बंद. तो मुलगाही घाबरला, मीही. मग कोणीतरी सांगितलं की स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडं सरळ चालवा, तर त्या दोन लाइट गेल्या. काचेचं बटण वर ओढून धरलं तर ऑटो परत आलं. स्टार्ट-स्टॉप मात्र बरेच दिवस आलं नाही, सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणाले बॅटरीवरचा सेन्सर तिची तब्येत नव्याने ओळखतोय, गाडी रात्रभर लॉक करून शांत उभी राहू द्या. तसं झालं आणि आलं.

गंमत म्हणजे एवढं होऊनही आधीचा एक जुना कोड आत तसाच होता. म्हणजे माझ्या गाडीत बॅटरी काढून जे पुसायला नको होतं ते सगळं पुसलं गेलं आणि पुसायला हवं होतं ते राहिलं.

स्पॅनर_अण्णा
ताई, अगदी बरोबर. नवीन गाड्यांत बरंचसं शिकलेलं आणि कोडसुद्धा पर्मनंट मेमरीत असतं, बॅटरी काढा नाहीतर गाडी भंगारात घाला, ते तिथेच. स्कॅनरनेच पुसावं लागतं, आणि थ्रॉटलचं, गिअरबॉक्सचं शिक्षण पुसायचं तर साधा डोंगल पुरत नाही, मोठा स्कॅनर लागतो. बीएस-६ ला बॅटरी काढायच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत. आणि स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला नवी बॅटरी घातली तर काही गाड्यांत ती स्कॅनरने नोंदवावी लागते, ते विसरू नका.

फोंडाघाट
डिझेलवाल्यांनी वरचं ट्रिमचं पुराण आपल्याला लावून घेऊ नका. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं ते १४.७ चं माप पाळायचं नसतंच, कमीजास्त हवेवर चालतं ते. मी माझ्या डिझेल एसयूव्हीला पॉवरचा डबा लावला होता, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) सेन्सरच्या मधे बसणारा. तो ईसीयूला सांगतो प्रेशर कमी आहे, ईसीयू वाढवतो, पिकअप वाढतो. ईसीयूला रिसेटबिसेट काही लागत नाही कारण त्याला फसवलेलंच असतं, त्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. फोंडा घाट चढताना मजा यायची खोटं का बोलू, पण टर्बो आणि क्लच यांचं आयुष्य त्यातून जातं, काढून ठेवला. इंजेक्टर बदलले तर मात्र प्रत्येकावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो, तिथे बॅटरी काढून काही होत नाही.

आणि एक, कोणी इंजिनचं मॅपिंग (ईसीयूतला मूळ प्रोग्रॅम) बदलत असेल तर लक्षात ठेवा, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलंय. ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाला पहिलं बॉनेट उघडतो.

देवगड_पायरी
एक विचारू? चिपळूणची गाडी म्हणताय, २०२१ च्या पुरात होती का? असेल तर फिल्टर बिल्टर विसरा, कनेक्टर बघा.

वाशिष्ठीकर
नाही नाही, गाडी मी पुरानंतर घाटावरून घेतली, जुलै २०२१ ला ती चिपळुणात नव्हती. घेताना सीटखालचे बोल्ट आणि कार्पेटच्या खालचा पत्रा बघूनच घेतली, एवढं तर आता इथे शाळकरी पोरालाही कळतं.

डोंगल आला. आकडे खाली देतो, इंजिन पूर्ण गरम करून, फॅन लागून बंद झाल्यावर, एसी बंद:
कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी).
आयडलला लाँग टर्म +९, शॉर्ट टर्म +२ ते +५.
२५०० आरपीएमला धरून ठेवली तर लाँग टर्म +१८, शॉर्ट टर्म +४ ते +७.
कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवलाय. अजून काही पुसलेलं नाही.

स्पॅनर_अण्णा
शाब्बास. माझा पहिला संशय हवा चोरण्यावर. डबा उघडला त्यावेळी ब्रीदरचा (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा) बारीक पाइप निघाला असेल, किंवा थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप नीट बसली नसेल. नळीच्या घड्यांत चीर पडलेली असते, हाताने ताणून बघ, वरून दिसत नाही.

आरेवारे
अण्णा, पाइप बघायलाच हवा, पण आकडे वेगळं सांगतायत असं वाटतं. कुठे हवा चोरत असेल तर आयडलला ट्रिम जास्त दिसते, कारण आत येणारी हवाच मुळात थोडी असते आणि चोरीचा वाटा त्यात मोठा. रेस केली की एकूण हवा वाढते, चोरी तेवढीच राहते, म्हणून टक्केवारी खाली यायला हवी. इथे उलट आहे, आयडलला ९ आणि वर १८. म्हणजे जसजशी हवा वाढतेय तसतसा कोणीतरी ती कमी मोजतोय, नाहीतर पेट्रोल पुरत नाहीये. पेट्रोलचं म्हणाल तर पंप किंवा फिल्टर चोक असू शकतो, पण हा प्रकार कापडी फिल्टर बसवल्यावर सुरू झालाय. त्या फिल्टरला तेल असतं. जास्त झालं की हवेबरोबर पुढे जाऊन एमएएफच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, तारेला जाकीट घातल्यासारखं होतं आणि हवा तिला नीट गार करू शकत नाही, म्हणून सेन्सर कमी सांगतो. आणि म्हणूनच कागदी फिल्टर परत घालूनही फरक पडला नाही, घाण पुढे जाऊन बसलीये ना.

तुमच्या गाडीत एमएएफ आहे ना? ॲपमध्ये ग्रॅम पर सेकंदचा आकडा दिसतो का बघा. नुसता किलोपास्कलमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर दिसत असेल तर एमएपीवाली गाडी, मग माझं हे सगळं पुराण रद्द.

वाशिष्ठीकर
ग्रॅम पर सेकंद दिसतो. डब्याच्या तोंडाशीच पाच वायरींचा सेन्सर आहे, तोच असणार.

स्पॅनर_अण्णा
पाच वायरी म्हणजे त्यातच हवेच्या तापमानाचा सेन्सर पण आहे. हां, मग आरेवारेंचं बरोबर वाटतं. नळी तरीही बघ, एका गाडीत दोन दोष असू शकतात.

साफ करताना एमएएफचाच स्प्रे घे. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर नको, प्लास्टिक आणि कोटिंग खातात. पेट्रोलमध्ये बुडवणारे महाभाग पण पाहिलेत. बोट, कापूस, ब्रश काही लावायचं नाही, तार केसासारखी बारीक असते. चावी काढून प्लग सोडव, दोन स्क्रू, सेन्सर बाहेर, लांबून आठ-दहा फवारे, आणि स्वतःहून पूर्ण वाळू दे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिकडे कराडला वाळतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पंख्याखाली ठेव, हेअर ड्रायर मारू नको.

लोटे_सीएनजी
मधेच शिरतो. बाहेरून सीएनजी किट लावलेल्या गाड्यांना हे सगळं दुप्पट लागू होतं. सिक्वेन्शियल किटला स्वतःचा वेगळा ईसीयू असतो, तो पेट्रोलच्या इंजेक्टरचा सिग्नल पकडून त्यावर गॅसचा हिशोब करतो. म्हणजे पेट्रोलची ट्रिम बिघडलेली असेल तर गॅसवाला त्या चुकीच्या पायावरच इमला बांधणार. रिसेट केलात तर लगेच गॅसवर टाकू नका, एखादी टाकी पेट्रोलवर चालवा, मूळ ईसीयूला शिकू द्या, मग गॅसवर. गॅसवर ट्रिम एकदम वेगळी दिसत असेल तर किटचं ट्युनिंग लॅपटॉपवर करून घ्या. आमच्या इथले बरेच जण गॅसवर लाइट लागली की ईसीयू रिसेट करून घेतात आणि किटवाल्याकडे जातच नाहीत. आणि किटची नोंद आरसीवर हवी, टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी, हे वेगळं सांगायला नको.

लांजेकर
सगळं पटलं, पण मग रिसेट कधीच करायचा नाही का? तुम्ही लोक तर त्याला शिवीच करून टाकलीत.

आरेवारे
करायचा की. दुरुस्ती झाल्यावर करायचा. बघा, आत्ता वाशिष्ठीकरांच्या ईसीयूने शिकून ठेवलंय की १८ टक्के पेट्रोल जादा द्यायचं. उद्या सेन्सर साफ झाला, तो खरं बोलायला लागला, तरी ईसीयू जुन्या सवयीने १८ टक्के जादाच देणार, गाडी रिच होणार (पेट्रोल जास्त), सायलेन्सरला वास, ॲव्हरेज कमी. हळूहळू तो स्वतः खाली येईल, पण त्याला चालवून वेळ द्यावा लागेल. तिथे डोंगलवरून कोड पुसला की बहुतेक गाड्यांत ट्रिमही शून्यावर येते आणि चांगल्या सेन्सरवर नव्याने शिकणं सुरू होतं. डोंगल हातात असताना त्यासाठी बॅटरी काढायची काय गरज?

वाशिष्ठीकर
केलं. सेन्सर बाहेर काढला तर तारेवर चक्क तपकिरी चिकट थर आणि त्यात लाल मातीची धूळ, उन्हात धरला तर चमकत होता. ज्या दुकानातून फिल्टर आला त्यांनी तेल हात सोडून मारलं होतं, डब्याच्या आतल्या भिंतीलाही ओल आहे. स्प्रे मारला, दुपारभर वाळवला, डबा पुसून घेतला, कागदी फिल्टर नवा टाकला. नळीला चीर नाही, ब्रीदरची क्लिप मात्र ढिली होती, आवळली. मग कोड पुसला, चावी ऑन करून ॲक्सिलरेटरला पाय न लावता थोडा वेळ थांबलो, बंद केली, मग स्टार्ट.

अण्णा, आता चालवायची कशी? शिकवायला काही ठरावीक पद्धत आहे का?

स्पॅनर_अण्णा
कंपनीगणिक थोडी वेगळी असते, पण सर्वसाधारण अशी. थंड इंजिनवर सुरू कर, लाइट, पंखा, एसी सगळं बंद ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत आयडलवर राहू दे. मग एसी लाव, त्याचंही आयडल शिकू दे. मग रस्त्याला लाग, चौथ्या-पाचव्यात पन्नास-साठच्या एकसारख्या स्पीडला काही किलोमीटर, मधेमधे गिअरमध्येच ठेवून पाय पूर्ण सोड आणि ब्रेक न लावता स्पीड उतरू दे. पहिल्याच दिवशी रेस काढू नको. चिपळूणवाल्यांना सोयीचं म्हणजे हायवेचा चौपदरी झालेला तुकडा सकाळी लवकर, ट्रेलर नसतात. आणि लोडखाली कशी वागते ते बघायला कुंभार्ली आहेच, बाजूला बसणाऱ्याला मोबाइल धरायला सांग, स्वतः आकडे बघत घाट चढू नको.

वाशिष्ठीकर
कुंभार्ली करून आलो, मोबाइल बायकोने धरला, तिचं म्हणणं घाटातले धबधबे सोडून ती आकडेच बघत होती, त्याचं वेगळं बिल येणार आहे.

आयडलला लाँग टर्म +३, २५०० ला +५, चढावर +४ ते +६. हिसके गेले. लाइट नाही. जे उरलंय ते ई-२० चं म्हणायचं का? एकच गोष्ट अजून खटकते, सकाळी पहिल्या स्टार्टला आयडल किंचित डळमळते आणि हेडलाइट लावला की अजून खाली बसते.

आरेवारे
बरंचसं ई-२० चं असू शकतं, उरलेलं गाडीच्या वयाचं. आता हात लावू नका.

फोंडाघाट
हेडलाइट लावल्यावर आयडल बसते म्हणजे अर्थिंग बघा आधी. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा हा आजारच आहे, खाऱ्या हवेने बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या पट्टीचे बोल्ट आतून सडतात, वरून ठीक दिसतात. सेन्सरचे आकडे पण त्याने थोडे इकडेतिकडे होतात आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

वाशिष्ठीकर
गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या बोल्टखाली हिरवी पावडर निघाली. पॉलिशपेपरने घासलं, आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. सकाळची डळमळ गेली. आणि त्याच वेळी एका वायरवर उंदराचे दात दिसले, टेप गुंडाळली, बॉनेटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधलीये. एमएएफचा स्प्रे इथल्या दुकानांत विचारला तर सगळे कार्ब क्लीनरच पुढे करत होते, "एकच असतं हो" म्हणत, म्हणून ऑनलाइन मागवला होता, कोणी विचारायच्या आत सांगून ठेवतो.

राजापुरी_गंगा
धागा वाचला, छान माहिती. माझ्याकडे डोंगल नाही. माझीपण फिल्टर बदलल्यावर लाइट लागली होती, गॅरेजमध्ये नळीची क्लिप निघालेली सापडली, ती बसवली. लाइट अजून आहे. ती आपोआप जाईल की पुसायलाच लागेल? आणि मधेच कधीतरी ती लुकलुकते पण.

आरेवारे
दोष खरोखर गेला असेल तर जाते. सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये ईसीयूला तो दोष परत दिसला नाही की लाइट बंद होते, कोड इतिहासात थोडे दिवस राहतो. ड्राइव्ह सायकल म्हणजे थंड इंजिनपासून नीट गरम होईपर्यंतचं चालवणं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणं नव्हे.

स्पॅनर_अण्णा
लुकलुकते? ती वेगळी गोष्ट. स्थिर लाइट म्हणजे सवडीने बघा, लुकलुकणारी म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जातंय. तो तापून आतून वितळतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस बसतो. तशी चालवू नको. प्लग आणि इग्निशन कॉइल बघून घे, पावसात प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं तेही बघ. लांब जायचा बेत असलो तर रद्द कर आणि जवळच्या गॅरेजीत सावकाश घेऊन जा, रेस देव नको.